विश्लेषण : ‘बेल झाली’ म्हणजे नेमके काय झाले? शाळा, लोकल, मोबाइल ते न्यायालय… एकाच शब्दाचे इतके अर्थ कसे?

‘बेल झाली.’ हे दोन शब्द वसईतल्या एखाद्या शाळेच्या फाटकावर कानावर पडले, तर अर्थ सरळ आहे. तास संपला किंवा शाळा सुटली. हेच दोन शब्द वसईच्या न्यायालयाच्या आवारात कोणी फोनवर सांगत असेल, तर कोणाला तरी जामीन मिळालेला असतो. आणि श्रावणी सोमवारी तुंगारेश्वरच्या वाटेवर कोणी ‘बेल घेतलास का?’ असे विचारले, तर विषय घंटेचाही नसतो आणि जामिनाचाही नसतो.

लिहिताना तिन्ही शब्द सारखेच. ब, त्यावर एक मात्रा आणि ल. तरीही रोजच्या बोलण्यात आपला फारसा गोंधळ होत नाही. मात्र मोबाइलवर आलेल्या तुटक संदेशात तो होऊ शकतो, आणि विषय जामिनाचा असेल तर या गोंधळाची किंमत मोठी असते. इंग्रजीतला हा आवाजाचा शब्द मराठीत कुठून कुठे पोहोचला आणि त्याचे अर्थ ओळखायचे कसे, ते समजून घेऊ.

एकच शब्द की तीन वेगळे शब्द?

खरे तर हे तीन वेगळे शब्द आहेत. त्यांचे एकमेकांशी काही नाते नाही.

पहिला बेल आपला जुना. संस्कृतमधील ‘बिल्व’ शब्दावरून तो मराठीत आला. महादेवाला वाहतात तो तीन पानांचा, म्हणजे त्रिदळाचा बेल.

दुसरी बेल इंग्रजीतली, म्हणजे घंटा. सायकलची, दाराची, शाळेची, बसची. इंग्रजीत हा शब्द हजारपेक्षा जास्त वर्षे वापरात आहे.

तिसरी बेल न्यायालयातली, म्हणजे जामीन. हा शब्दही इंग्रजीतून आला, पण इंग्रजीत तो जुन्या फ्रेंचमधून आला आणि त्याचे मूळ लॅटिनमध्ये आहे. ओझे वाहणे, मग ताब्यात घेणे, मग सोपवणे असा त्याचा प्रवास झाला. आरोपीला दुसऱ्या कोणाच्या तरी हमीवर सोपवायचे, ही कल्पना त्यात आहे. गंमत म्हणजे आपला ‘जामीन’ हा शब्दही बाहेरचाच. तो अरबी-फारसीतून आला आणि त्याचा मूळ अर्थ हमी घेणारा माणूस असा आहे. म्हणजे दोन्ही भाषांत मुद्दा हमीचाच आहे.

मग आपण अर्थ ओळखतो कसा?

मराठी माणूस शब्द एकटा ऐकत नाही. तो सोबतचे क्रियापद ऐकतो. बेल वाजते, बेल मिळते आणि बेल वाहतात. क्रियापद आले की अर्थ लागला.

दुसरी खूण लिंगाची. झाडाचा आणि पानांचा बेल पुल्लिंगी आहे. ‘बेल वाहिला’, ‘बेल आणला’ असे आपण म्हणतो. घंटेची बेल स्त्रीलिंगी आहे, कारण घंटा स्त्रीलिंगी. ‘बेल वाजली’, ‘बेल बिघडली’. न्यायालयातली बेलही बहुतेक जण स्त्रीलिंगीच वापरतात. ‘जामीन मिळाला’ असे म्हणणारा माणूस पुढच्याच वाक्यात ‘बेल मिळाली’ म्हणतो आणि त्यात काही वावगे आहे, असे त्याला वाटत नाही.

त्यामुळे ‘बेल आणला’ आणि ‘बेल वाजली’ यात गोंधळ होत नाही. अडचण येते ती ‘बेल झाली’ या वाक्यात. ‘होणे’ हे क्रियापद कुठेही चालते, लिंगही दोन्हीकडे सारखेच. अशा वेळी अर्थ ठरतो तो केवळ जागेवरून. कोण बोलले, कुठे बोलले आणि आधी काय बोलणे चालले होते, यावरून. मोबाइलवरच्या संदेशात नेमकी हीच माहिती गळून पडते.

लिपीत हे दोन उच्चार वेगळे का नाहीत?

इंग्रजीत घंटा आणि जामीन या दोन शब्दांचे उच्चार वेगळे आहेत. घंटेतला ‘ए’ ऱ्हस्व, जामिनातला लांब आणि शेवटी ‘इ’कडे झुकणारा. मराठी लिपीत ऱ्हस्व ‘ए’साठी रोजच्या वापरातले वेगळे चिन्ह नाही. दोघांनाही एकच मात्रा मिळते.

इंग्रजीतल्या इतर काही उच्चारांसाठी मराठीने सोय केली आहे. ‘बॅट’मधला अर्धचंद्र आणि ‘बॉल’मधला अर्धचंद्र-काना ही त्याची उदाहरणे. ती खूण नसती तर ‘बॉल’ आणि ‘बाल’ एक झाले असते. ऱ्हस्व ‘ए’च्या वाट्याला अशी खूण आली नाही. संगणकीय देवनागरीत ऱ्हस्व ‘ए’चे चिन्ह आहे, पण ते प्रामुख्याने दक्षिणेतील भाषांचे शब्द देवनागरीत लिहिण्यासाठी. मराठीत ते कोणी वापरत नाही.

त्यामुळे ‘बेल’ एकटा नाही. ‘सेल’ पाहा. भिंतीवरच्या घड्याळातला सेल, दुकानातला सेल आणि पोलिसांचा सायबर सेल. ‘टेस्ट’ म्हणजे रक्ताची तपासणी की भाजीची चव? ‘डेट’ म्हणजे तारीख की म्युच्युअल फंडातला कर्जरोखे प्रकार? लिपी सांगत नाही, वाक्य सांगते.

वाजणाऱ्या बेलचेही अर्थ किती?

आता फक्त वाजणारी बेल घेऊ. तिचाही एकच अर्थ नाही. ती किती वेळा वाजली, यावर अर्थ ठरतो.

एसटीच्या प्रवाशाला हे वेगळे सांगावे लागत नाही. कंडक्टरने एक बेल दिली की गाडी थांबते, दोन दिल्या की निघते. ‘डबल बेल मारली’ म्हणजे गाडी सुटली, हा अर्थ अर्नाळ्यापासून गडचिरोलीपर्यंत सारखाच. पूर्वी बसच्या छताखालून दोरी गेलेली असायची आणि ती ओढली की चालकाजवळची घंटी वाजायची. दोरी जाऊन बटण आले, तरी एक आणि दोनचा नियम टिकला.

लोकलमध्येही हीच भाषा आहे. विरारहून चर्चगेटला जाणाऱ्या लोकलच्या पुढच्या टोकाला मोटरमन असतो आणि मागच्या टोकाला गार्ड. जानेवारी २०२२ पासून रेल्वेने गार्डचे पदनाम ‘ट्रेन मॅनेजर’ असे केले आहे. या दोघांमध्ये बारा किंवा पंधरा डब्यांचे अंतर असते. फलाटावरची चढ-उतार पाहून ट्रेन मॅनेजर दोनदा बेल देतो आणि गाडी हलते. एक बेल म्हणजे थांबा. नालासोपाऱ्याला सकाळी लोंबकळत्या गर्दीत उभ्या असलेल्या माणसाला त्या दोन ठोक्यांचा अर्थ कोणी शिकवलेला नसतो. पण मोटरमनच्या केबिनला लागून असलेल्या डब्यात बसणाऱ्यांच्या कानांना तो पाठ असतो.

मुद्दा साधा आहे. ज्या ठिकाणी चुकीचा अर्थ लावला तर जीव जाऊ शकतो, त्या ठिकाणी बेलचा अर्थ अंदाजावर सोडलेला नाही. तो मोजून ठरवलेला आहे. विरारचे रेल्वेशी नाते १८६७ पासूनचे. त्या वर्षी १२ एप्रिलला विरार ते मुंबईतील बॅकबे अशी गाडी धावली. तेव्हापासून शिट्टी, झेंडा, दिवा आणि बेल अशी रेल्वेची स्वतःची एक भाषा आहे आणि तिच्यात एका खुणेला एकच अर्थ असतो.

नाट्यगृहात तिसरी पद्धत. पहिली घंटा तयारीची, दुसरी प्रेक्षकांना आत बोलावणारी आणि तिसरी झाली की पडदा वर. त्यामुळेच करोनानंतर २२ ऑक्टोबर २०२१ रोजी राज्यातील नाट्यगृहे उघडली, तेव्हा ‘तिसरी घंटा वाजली’ एवढे म्हटले तरी मराठी वाचकाला सगळे कळले.

वसईतल्या चर्चच्या घंटेचीही अशीच भाषा आहे. कॅथलिक परंपरेत सकाळ, दुपार आणि संध्याकाळ अशी दिवसातून तीन वेळा आंजेलसची घंटा होते. तिचे ठोके तीन-तीनच्या गटात पडतात. मिस्साची घंटा वेगळी. कोणाचे निधन झाले की घंटा संथ, एकेक ठोक्याने वाजते. शेतात काम करणाऱ्या माणसाला घड्याळ न पाहता वेळ कळायची आणि गावात दुःखाची बातमी आहे, हेही कळायचे.

वसईच्या घंटा महाराष्ट्रभर कशा गेल्या?

घंटेचा विषय निघाला की वसईचा इतिहास टाळता येत नाही. १५३४ मध्ये वसई पोर्तुगीजांच्या हाती गेली. पुढची दोनशे वर्षे किल्ल्यात आणि आसपास चर्च उभी राहिली, त्यांच्या मनोऱ्यांवर मोठ्या घंटा चढल्या. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या नेतृत्वाखाली मराठ्यांनी वसई जिंकली. या मोहिमेनंतर अनेक घंटा विजयाची खूण म्हणून देशावर नेण्यात आल्या आणि देवळांत टांगल्या गेल्या.

भीमाशंकरची मोठी घंटा, वाईजवळच्या मेणवलीची घंटा आणि नाशिकच्या नारोशंकर मंदिराची घंटा ही त्यातली ठळक नावे. अष्टविनायकांपैकी पालीच्या बल्लाळेश्वराच्या देवळातली घंटाही याच मोहिमेतली मानली जाते. मेणवलीच्या घंटेवर बाळ येशूसह मरियमची आकृती आजही दिसते.

नारोशंकराच्या घंटेला तर नाशिककरांनी आणखी एक अर्थ दिला. हे मंदिर १७४७ मध्ये गोदावरीच्या काठी बांधले गेले. पूर किती मोठा, हे सांगताना नाशिकमध्ये दोन खुणा पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या जातात. एक दुतोंड्या मारुती आणि दुसरी नारोशंकराची घंटा. पाणी घंटेपर्यंत पोहोचले म्हणजे महापूर. वसईत प्रार्थनेला बोलावणाऱ्या घंटांपैकी एक नाशिकमध्ये पुराची मोजपट्टी झाली. घंटा तीच, पण जागा बदलली आणि अर्थही बदलला.

या घंटा इतकी वर्षे टिकल्या त्यामागे धातूचे कारण आहे. घंटेसाठी साधारण चार भाग तांबे आणि एक भाग कथील असे मिश्रण वापरतात. कथील जास्त असल्याने धातू कडक होतो आणि नाद लांबवर जातो, पण तो ठिसूळही होतो. तोफेच्या ब्राँझमध्ये कथील कमी असते. घंटा आणि तोफ यांचे धातू इतके जवळचे असल्याने जगभर युद्धांच्या काळात घंटा वितळवून तोफा ओतल्या गेल्या. ज्या घंटा देवळात गेल्या, त्या या नशिबातून वाचल्या.

घंटेचा आणि वेळेचा काय संबंध?

मराठीत ‘तास’ म्हणजे साठ मिनिटे. पण हा शब्द मुळात फारसीतून आलेला आहे आणि तो धातूच्या थाळीचा. प्रहर झाला की ती थाळी वाजवायची. थाळीचे नाव हळूहळू वेळेला मिळाले. शाळेत आपण अजूनही ‘गणिताचा तास’ म्हणतो.

हिंदीत हाच प्रवास ‘घंटा’ या शब्दाने केला. तिथे घंटा म्हणजे साठ मिनिटे. म्हणूनच हिंदीतून आलेली सूचना घाईत मराठी करताना ‘दोन घंटे’ असे लिहिले जाते आणि मराठी वाचक क्षणभर थबकतो. इंग्रजीत घड्याळाला जो ‘क्लॉक’ शब्द आहे, तो मध्ययुगीन लॅटिनमधल्या घंटेच्या शब्दावरून आला. म्हणजे तीन भाषांत माणसाने वेळ आधी ऐकली आणि नंतर पाहिली.

मराठी बोलीत ‘घंटा’ला आणखी एक अर्थ चिकटला आहे. ‘घंटा मिळणार’ म्हणजे काहीच मिळणार नाही. हा अर्थ कट्ट्यावर चालतो, अर्जात नाही.

मोबाइलमधल्या बेलचे काय?

आज अनेकांच्या कानावर दिवसातून सर्वाधिक वेळा पडणारी बेल वाजतच नाही. ‘सबस्क्राइब करा आणि बेल आयकॉन दाबा’ हे वाक्य गावच्या कीर्तनापासून स्टेशनवरच्या वडापावपर्यंत प्रत्येक व्हिडीओत येते. इथे बेल म्हणजे सूचना. चॅनल सबस्क्राइब केले म्हणून प्रत्येक नव्या व्हिडीओची सूचना येईलच असे नाही. त्यासाठी बेलच्या चिन्हावर जाऊन ‘सर्व’ हा पर्याय निवडावा लागतो. सूचनांचा कंटाळा आला असेल, तर तिथेच त्या बंदही करता येतात.

काही बेल तर आकारावरून नाव मिळालेल्या आहेत. १९७०च्या दशकातली बेल-बॉटम पँट खाली घंटेसारखी पसरलेली. आपण जिला ढोबळी मिरची म्हणतो तिचे इंग्रजी नावही घंटेवरूनच. नोकरदारांना धडकी भरवणारा ‘बेल कर्व्ह’ही तसाच. मधे फुगीर आणि दोन्ही बाजूंना उतरता आलेख. कामाच्या मूल्यमापनात बहुतेकांना मधले गुण, थोड्यांना वरचे आणि थोड्यांना खालचे, अशी वाटणी त्यात गृहीत धरलेली असते.

शेअर बाजाराच्या बातमीत ‘बेलचा शेअर वधारला’ असे वाचले, तर ती भारत इलेक्ट्रॉनिक्स ही १९५४ मध्ये स्थापन झालेली सरकारी कंपनी. मतदान यंत्रे बनवणाऱ्या दोन सरकारी कंपन्यांपैकी ती एक. ‘भेल’ ही वेगळी सरकारी कंपनी आहे. आणि ‘भेळ’ कुठे मिळते, हे अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर गेलेल्यांना सांगायला नको.

डेसिबलमध्येही ‘बेल’ आहे?

आहे. पण ती घंटा नाही. ते आडनाव आहे. टेलिफोनचे पेटंट १८७६ मध्ये मिळवणारे अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांच्या सन्मानार्थ १९२०च्या दशकात अमेरिकेतील टेलिफोन अभियंत्यांनी या एककाला ‘बेल’ हे नाव दिले. त्याचा दहावा भाग म्हणजे डेसिबल. आवाज मोजायच्या एककात घंटेचा उच्चार यावा, हा निव्वळ योगायोग.

डेसिबलचा आकडा वाचताना मात्र एक चूक सर्रास होते. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. रुग्णालये, शाळा, न्यायालये यांच्याभोवतीच्या शांतता क्षेत्रात ती ५० आणि ४० आहे. नियमात रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. आता एखाद्या ठिकाणी ५५ऐवजी ६५ डेसिबल नोंदवले गेले, तर ‘फक्त दहाने जास्त’ असे वाटते. प्रत्यक्षात दहा डेसिबलची वाढ म्हणजे ध्वनीची तीव्रता दहापट. वीसची वाढ म्हणजे शंभरपट. हा आकडा बेरजेने नाही, पटीने चढतो. सोसायटीच्या तक्रारीत किंवा बातमीत डेसिबल वाचताना हे लक्षात ठेवावे.

न्यायालयातली ‘बेल झाली’ म्हणजे नेमके काय?

या शब्दाच्या सगळ्या अर्थांत सर्वात जास्त गैरसमज इथे आहेत. ‘बेल झाली’ हा निरोप घरी पोहोचला की अनेक कुटुंबांना प्रकरण संपले असे वाटते. तसे नसते.

भारतीय नागरिक सुरक्षा संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत जामिनाची व्याख्याच नव्हती. नव्या संहितेत ती आहे. सोप्या शब्दांत सांगायचे तर, काही अटींवर आणि बंधपत्र दिल्यानंतर आरोपीची कोठडीतून सुटका म्हणजे जामीन. त्यात निर्दोष सुटका कुठेच नाही. खटला चालूच राहतो, तारखांना हजर राहावेच लागते, अटी मोडल्या तर जामीन रद्दही होऊ शकतो.

दुसरा गैरसमज ‘नॉन-बेलेबल’ या शब्दाचा. मराठीत त्याला अजामीनपात्र म्हणतात. अनेकांना वाटते की या गुन्ह्यात जामीन मिळतच नाही. खरा अर्थ वेगळा आहे. जामीनपात्र गुन्ह्यात जामीन हा आरोपीचा हक्क असतो आणि पोलीस ठाण्यातही तो मिळू शकतो. अजामीनपात्र गुन्ह्यात तो हक्क म्हणून मागता येत नाही, न्यायालय परिस्थिती पाहून ठरवते.

तिसरा गैरसमज वेळेचा. आदेश झाला म्हणजे माणूस त्याच संध्याकाळी घरी, असे नाही. आदेशानंतर बंधपत्र द्यावे लागते. नव्या संहितेत ‘बंधपत्र’ म्हणजे स्वतःची हमी आणि ‘जामीनपत्र’ म्हणजे जामीनदारासह दिलेली हमी, असा फरक केला आहे. जामीनदाराची कागदपत्रे तपासली जातात, मग सुटकेचा आदेश कारागृहात जातो. या साखळीत कुठेही कागद अडला, तर ‘बेल झालेला’ माणूस आतच राहतो.

सर्वोच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०२३ रोजी यावर काही निर्देश दिले. जामीन आदेशाची प्रत त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी कारागृह अधीक्षकांमार्फत ईमेलने कैद्याला पाठवावी. सात दिवसांत सुटका झाली नाही, तर अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवावे. स्थानिक जामीनदाराचा आग्रह हे सुटका रखडण्याचे एक कारण असल्याने ती अट टाळावी, असेही न्यायालयाने सुचवले. वसई-विरारसारख्या शहरात, जिथे कामासाठी बाहेरून आलेल्यांची संख्या मोठी आहे, हा मुद्दा विशेष महत्त्वाचा. गावाकडचे नातेवाईक जामीन राहायला तयार असतात, पण इथल्या पत्त्याचा जामीनदार आणायचा कुठून?

आणखी दोन तरतुदी माहीत असाव्यात. पोलिसांनी गुन्ह्याच्या स्वरूपानुसार ६० किंवा ९० दिवसांत आरोपपत्र दाखल केले नाही, तर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो. आणि पहिल्यांदाच आरोपी झालेल्या कच्च्या कैद्याने त्या गुन्ह्याच्या कमाल शिक्षेच्या एकतृतीयांश काळ कोठडीत काढला असेल, तर कलम ४७९ नुसार बंधपत्रावर त्याच्या सुटकेची तरतूद आहे. जन्मठेप किंवा फाशीची तरतूद असलेल्या गुन्ह्यांना ती लागू नाही, आणि एकापेक्षा जास्त प्रकरणे प्रलंबित असतील तरी तिचा लाभ मिळत नाही.

वकील परवडत नसेल, तर विधी सेवा समितीकडून मोफत मदत मिळू शकते. त्यासाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन १५१०० आहे.

‘बेलसाठी पैसे पाठवा’ असा फोन आला तर?

इथे शब्दाच्या अर्थाचा प्रश्न थेट खिशाशी येतो. ‘तुमच्या मुलाला अटक झाली आहे, लगेच बेल करायची असेल तर या नंबरवर पैसे टाका’ असे सांगून पालकांना फसवण्याचा प्रकार देशभर चालतो. कधी व्हिडीओ कॉलवर गणवेशातला माणूस दिसतो, कधी ‘डिजिटल अरेस्ट’ची भीती घातली जाते. भारतीय कायद्यात ‘डिजिटल अरेस्ट’ असा प्रकार नाही.

जामिनाचे पैसे कोणा अधिकाऱ्याच्या यूपीआयवर जात नाहीत. जामीन लेखी आदेशाने, बंधपत्रावर होतो आणि त्याचा कागद मागता येतो. असा फोन आला तर आधी मुलाला किंवा त्याच्या सोबत्यांना फोन करा, मग जवळच्या पोलीस ठाण्यात खात्री करा. पैसे गेलेच असतील, तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच कळवा. जितक्या लवकर कळवाल, तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त.

आणि आपला मूळचा बेल?

वसई पूर्वेला तुंगारेश्वर अभयारण्यात महादेवाचे मंदिर आहे. महाशिवरात्रीला आणि श्रावणातल्या सोमवारी तिथे गर्दी होते आणि ताटात बेल असतोच. त्याच देवळात दारावर घंटा असते. म्हणजे ‘बेल’ आणि ‘बेल’ एका जागी भेटतात, पण तिथे घंटेला कोणी बेल म्हणत नाही. देवळातली ती घंटा, शाळेतली घंटा किंवा बेल, दाराची मात्र बेलच. कुठे मराठी शब्द टिकला आणि कुठे इंग्रजी आला, याचे हे छोटे चित्र आहे. वस्तू ज्या काळात आली, त्या काळाचे नाव घेऊन आली.

या बेलाचा न्यायाशीही जुना संबंध आहे. ‘बेलभंडारा उचलणे’ म्हणजे शपथ घेणे. बेलाची पाने आणि हळदीचा भंडारा हातात घेऊन दिलेला शब्द मोडायचा नाही, अशी रीत होती. आज न्यायालयात जामीनदार बंधपत्रावर सही करतो, तेव्हा तोही शब्दच देत असतो. दोन बेलांचे मूळ वेगळे असले, तरी काम असे जवळचे निघते.

मोबाइलला हा फरक कळतो का?

बोलून टाइप करताना तुम्ही घंटा म्हणा, जामीन म्हणा किंवा पान म्हणा, पडद्यावर उमटतात ती तीच तीन चिन्हे. भाषांतर करणाऱ्या यंत्राकडे अर्थ ओळखण्यासाठी आजूबाजूचे शब्द तेवढे असतात. वाक्य पूर्ण असेल तर ते बरोबर ओळखण्याची शक्यता वाढते. ‘बेल झाली’ एवढेच असेल, तर यंत्रही अंदाजच बांधणार. म्हणजे यंत्राची अडचण आणि फोन घेऊन घरी बसलेल्या आईची अडचण एकच आहे. दोघांनाही जागा दिसत नाही.

उपाय अवघड नाही. जिथे चूक चालते, तिथे ‘बेल’ चालू द्यावी. दाराची बेल, सायकलची बेल यात कोणाचे नुकसान नाही. पण निरोप न्यायालयातला असेल तर ‘जामीन मंजूर झाला’, ‘जामिनाची सुनावणी झाली’ किंवा ‘बंधपत्र भरले, सुटका बाकी आहे’ असे पूर्ण लिहावे. लोकलने दोन ठोक्यांनी जे साधले, ते आपल्याला दोन जास्तीच्या शब्दांनी साधते.

थोडक्यात

- बेल वाहिला : बिल्वपत्र. पुल्लिंगी, मूळ संस्कृत.
- बेल वाजली : घंटा. स्त्रीलिंगी. एसटी आणि लोकलमध्ये एक म्हणजे थांबा, दोन म्हणजे निघा.
- बेल दाबली : दाराची घंटी किंवा मोबाइलवरची सूचना.
- डेसिबल : ग्रॅहम बेल यांच्या नावावरून. दहाने वाढ म्हणजे तीव्रता दहापट.
- बेल मिळाली : जामीन. निर्दोष सुटका नव्हे.
- बेल झाली : शाळेत असाल तर दप्तर भरा. न्यायालयातून निरोप आला असेल तर आधी विचारा, ‘आदेश झाला की सुटका?’